माणसांचं पथ्य

‘सोबती’नं पहिल्याच महिन्यात कल्याणी बंडगरचा मामा बंद केला. डॉक्टर मीठ बंद करतात, तळकट बंद करतात, अगदी त्याच सुरात.

“आपले मामा आपल्याला आठशे मीटरमागे एक पूर्णांक एक दशांश सेकंदाला पडतात,” कानातला आवाज म्हणाला. “शक्यतो टाळावेत. फारच इच्छा झाली तर सणासुदीला, थोडे.”

कल्याणीला हसू आलं. मामा आले की पंख्याखाली ऐसपैस बसायचे आणि ‘पोरीच्या जातीनं एवढं पळून करायचं काय’ हा एकच विषय काढायचे. ते टाळावेत असं तिचंही कधीपासूनचं मत होतं. फक्त आजवर त्याला शास्त्राचा आधार नव्हता. तिनं आनंदानं मामा सोडला. पुढच्या पंधरवड्यात तिचा वेळ खरोखरच थोडा खाली आला, आणि सगळी गडबड तिथंच झाली. पहिलं पथ्य मानवलं की माणूस दुसऱ्याला नाही म्हणत नाही.

मोरदऱ्याच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगेखाली, पिसाळ सरांची भरती अकॅडमी होती. लाल मातीचा ट्रॅक, पत्र्याचं हॉस्टेल आणि पोलीस भरतीसाठी पळणारी चाळीस-पन्नास मुलंमुली. एकदा पळून नोकरी लागली की जन्मात पुन्हा पळायचं नाही, या एकाच ओढीनं ती सगळी पळत होती. कल्याणी तेवढी वेगळी. तिला पळायचंच होतं. वय एकोणीस, आठशे मीटरला दोन मिनिटं सात सेकंद. दोन मिनिटं सहाच्या आत आली तर राष्ट्रीय शिबिरात जागा, आणि त्याची निवड चाचणी मार्चमध्ये. हा एक सेकंद कुठून आणायचा, या काळजीनं सरांचे केस गळत होते. शेवटी त्यांनी एका कंपनीकडं अर्ज केला आणि कंपनीनं चाचणीपर्यंत सोबती वापरायला दिलं.

सोबतीचं शास्त्र तसं सोपं होतं. हृदयाचे ठोके घड्याळासारखे पडत नाहीत. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमीजास्त होत असतं. शरीर निवांत असेल तर हा चढउतार मोठा असतो. ताणात असेल तर ठोके कवायतीला उभे राहिल्यासारखे एकसारखे पडतात. हे जुनंच ज्ञान. नवं कळलं ते असं, की हा चढउतार शेजारी कोण बसलंय त्यावरही हलतो. आणि ते माणूस उठून गेल्यावरही दीड-दोन दिवस त्याचा परिणाम अंगात राहतो: झोपेत, घामात उतरणाऱ्या ताणाच्या रसायनांत, दमलेले स्नायू भरून येण्याच्या वेगात. ‘त्यांच्याकडं गेलं की डोकं उठतं’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. आता त्या डोकं उठण्याला एकक मिळालं होतं.

मानेमागं चिकटवलेली एक चकती कल्याणीचे ठोके आणि घाम मोजायची. जवळ कोण आहे हे कानातल्या यंत्राला दोन गोष्टींवरून कळायचं: लोकांचे फोन, आणि सरकारनं चाळिशीपुढच्या प्रत्येकाला मनगटात घालायला दिलेलं आरोग्यकडं. कोण किती वेळ दहा पावलांच्या आत होतं आणि नंतर पळण्याचा वेळ काय आला, याच्या हजारो नोंदी एकमेकींशी ताडून यंत्र एकेका माणसाचा आकडा वेगळा काढायचं. आठशे मीटरमध्ये निवडली गेलेली मुलगी आणि घरी गेलेली मुलगी यांच्यात पापणी लवण्याइतकाच फरक असतो. तिथं मामा परवडत नाही.

मग रेश्मा बंद झाली. रेश्मा हॉस्टेलमधली मैत्रीण. कल्याणी आठवड्यातले दोन-तीन दिवस तिच्या खोलीवर राहायची, आणि रेश्मा एका मुलासाठी रडायची. मुलगा बदलायचा, रडणं तेच. आकडा पॉइंट चार.

मग यादीत स्वतः सर निघाले. पॉइंट सहा.

सर त्या दिवशी दिवसभर जेवले नाहीत. पण माणूस शिस्तीचा. दुसऱ्या दिवसापासून ते फाटकाबाहेर जीपमध्ये बसून भोंग्यावरून शिकवायला लागले. भोंग्यातल्या आवाजाचाही भार पडतो असं निघालं. मग त्यांनी बाजारातून एक हिरवं आणि एक लाल फडकं आणलं. तेव्हापासून कुंपणापलीकडं कुठल्याशा गाडीला सिग्नल देत असल्यासारखे ते उभे असायचे. भरतीची पोरं म्हणायची, “सर, पुढलं टेसन कुठलं?”

“तुमचं घर!” सर ओरडायचे, आणि मग दचकून कल्याणीकडं बघायचे, आपल्या ओरडण्यानं तिचं काही सांडलं तर नाही ना!

आणि डिसेंबरात आत्या निघाली.

कल्याणीची आई ती लहान असतानाच गेली. वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर. तिला वाढवलं शेवंता आत्यानं. आत्या रोज संध्याकाळी दुधाच्या टेम्पोत बसून ट्रॅकवर यायची, भरतीची पोरं पांगल्यावर सुरुवातीच्या रेषेजवळ पडलेल्या दगडी रोलरवर टेकायची आणि शेंगा सोलता सोलता प्रशिक्षण द्यायची.

“आगं, पहिल्यालाच सगळ्यास्नी मागं टाक की! मागनं कशापायी ताटकळायचं?”

“आत्या, पहिल्यालाच जोर लावला तर शेवटाला दम राहत नाही.”

“मग शेवट करूच नको. पहिल्यालाच संपवून मोकळी हो.”

या सल्ल्यात काडीचंही तथ्य नव्हतं. सरांनी तो ऐकून दोनदा कपाळाला हात लावला होता. पळून झालं की दोघी टेम्पोतून घरी जायच्या. दारात बांधलेला बोकड कल्याणीला एक धडक द्यायचा आणि मग चहा व्हायचा.

“शेवंता बंडगर,” सोबती म्हणालं, “एक पूर्णांक तीन दशांश. आपल्या यादीतला सर्वांत मोठा भार. दुसरं निरीक्षण असं, की संध्याकाळी ट्रॅकवर आपल्याजवळ कोणीच नसतं तेव्हा आपण सर्वांत वेगानं पळता. एकांत आपल्याला मानवतो. उणे एक पूर्णांक चार दशांश. अभिनंदन.”

एकांतात अभिनंदन करण्यासारखं काय होतं ते कल्याणीला कळलं नाही. संध्याकाळी ‘कोणीच नसतं’ म्हणजे काय, हे तिनं विचारायला हवं होतं. पण तिचं सगळं लक्ष एक पूर्णांक तीनवर होतं. तेवढे गेले की ती शिबिरात होती.

आत्याला तिनं चुलीपाशी बसून सांगितलं.

“म्हंजे मी वाईट हाय व्हय?”

“वाईट नाही गं. जड.”

“जड तर मी हायेच. गुडघं त्यानंच गेलं.” आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली. “किती दिस?”

“मार्चपर्यंत.”

“बरं.”

एवढंच. आत्या उपास जसे कडक धरायची तसंच तिनं हे पथ्य धरलं. कल्याणी हॉस्टेलवर राहायला गेली. आत्यानं ट्रॅकवर येणं सोडलं, फोन करणं सोडलं. जानेवारीत आठवडी बाजारात कल्याणीला ती लांबून दिसली. आत्यानंही पाहिलं. कल्याणीनं हात वर केला, तर आत्या घाईघाईनं समोरच्या कापडाच्या दुकानात शिरली आणि तिथल्या बाईच्या पुतळ्याआड उभी राहिली. पुतळा सडपातळ होता. आत्याचा पदर आणि अर्धा खांदा बाहेर राहिला होता. तो खांदा हलेपर्यंत कल्याणी उभी राहिली. तो हलला नाही.

मग थेट फेब्रुवारीपर्यंत कल्याणी पथ्यावर होती. हॉस्टेलच्या टोकाची खोली तिला एकटीला मिळाली. जेवणाचं ताट दाराशी ठेवून दार वाजवलं जायचं, आणि तिनं उघडेपर्यंत वाजवणारी व्यक्ती पळालेली असायची. भरतीच्या पोरींचा तेवढाच सराव. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून ती पवनचक्क्या मोजायची. पठारावर त्या एकमेकींपासून बेताच्या अंतरावर उभ्या होत्या आणि आपापल्या जागी फिरत होत्या. त्यांनाही कोणीतरी पथ्य सांगितलं असावं.

वेळ मात्र वाढायला लागला. दोन मिनिटं सात. सात पॉइंट पाच. आठ.

“एकांत कमी पडतो आहे,” सोबती म्हणालं. “मात्रा वाढवावी. ट्रॅकऐवजी पठाराच्या पलीकडच्या वाटेवर सराव करावा.”

एकदा तिनं त्यालाच विचारलं, “तुझा आकडा किती?”

“माझा आकडा मोजण्याची सोय नाही. मी सतत आपल्याजवळ असतो.”

ही धमकी आहे की दिलासा, यावर विचार करण्यात तिचे दोन दिवस बरे गेले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी, ती पलीकडच्या वाटेवर एकटीच पळत होती. आजूबाजूला कुसळं आणि वारा. कानात एकदम आवाज आला.

“सावधान. शेवंता बंडगर आपल्या दिशेनं येत आहेत.”

कल्याणी थबकली. आत्या! इथं!

“ताशी सव्वीस किलोमीटर वेगानं.”

आत्याला पायरी चढताना भिंत धरावी लागे. कल्याणी गर्रकन वळली. चढावरून, मान खाली घालून, धूळ उडवत, घरचा बोकड येत होता. त्याच्या गळ्यात दोरीला ओवलेलं आत्याचं आरोग्यकडं होतं. त्यानं ओळख पटल्याची एक सणसणीत धडक तिच्या मांडीवर दिली आणि मग शांतपणे कुसळं खायला लागला.

“भार वाढला आहे,” सोबती म्हणालं. “शेवंताबाईंपासून कृपया दूर व्हा.”

मागून धापा टाकत गुराखी आला. ठोंबरेंचा म्हातारा, सगळ्या वाडीची जनावरं तोच चारायचा.

“काका, आत्याचं कडं ह्याच्या गळ्यात कसं?”

“आगं, एकटीचं न्हाई,” म्हातारा म्हणाला. “सगळ्या गावाचं हाय की. बग.”

त्यानं मागं हात केला. चढावरून शेळ्यांचा कळप येत होता आणि प्रत्येकीच्या गळ्यात एकेक कडं चमकत होतं. सरकार रोजच्या चालण्यावर गुण द्यायचं आणि गुणांवर गॅस सिलिंडर स्वस्त मिळायचा. गावातल्या गुडघेदुखीवाल्यांनी एकमतानं चालायचं काम शेळ्यांकडं सोपवलं होतं. मोरदरा जिल्ह्यातलं सर्वांत निरोगी गाव ठरलं होतं. आत्याला तर सरकारी दवाखान्यातून शाबासकीचा निरोप आला होता: आपण प्रत्येक घास पुष्कळ वेळ चावता, ही सवय अशीच ठेवा.

“कधीपासून बांधलंय हे?”

“दोन वर्सं झाली आसतील.”

कल्याणी तिथंच वाटेवर बसली. घरी मुक्काम असला की रात्रभर दाराशी कडं असायचं. भार त्या बोकडाचा. आणि रोज संध्याकाळी रोलरवर आत्या असायची: मनगट मोकळं, फोन घरी चार्जिंगला. यंत्राच्या लेखी तिथं कोणी नव्हतंच. एकांत म्हणून त्यानं जे मोजलं होतं, ती शेंगा सोलणारी आत्या होती.

सरांना सांगितलं तेव्हा सर पथ्य विसरून चक्क जीपमधून उतरून आत आले.

“म्हणजे बोकडापायी आपण आत्याला... आणि मी तीन महिने ही फडकी...” ते फडक्यांकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. “पण कल्याणी, याचा अर्थ कळतोय का तुला? उणे एक पॉइंट चार! आत्या! आपल्याकडं आत्या आहे!”

“सर—”

“तिला खरं कडं घालू, रोज संध्याकाळी रोलरवर बसवू. चाचणीच्या दिवशी पहिल्या रांगेत. तू फक्त तिला बोलाव. दोन मिनिटं सहा काय, पाच होतील!” सर तिथल्या तिथं दोन पावलं पळाले.

त्याच संध्याकाळी ती घरी गेली. आत्या अंगणात पापड वाळवून आत घेत होती. तिला बघताच ती दोन पावलं मागं सरली.

“मार्च झाला व्हय?”

“नाही. आत्या, ऐक तर.” कल्याणीनं बोकडाची गोष्ट सांगितली. आत्या हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, ठसका लागेपर्यंत हसली. “सव्वीस किलोमीटर! मी!” ती पुन्हा पुन्हा म्हणाली. दोघी उंबऱ्यावर टेकून हसल्या. तेवढा वेळ सगळं पूर्वीसारखं होतं. तेवढ्यावर कल्याणीनं थांबायला हवं होतं.

“आणि तुझा खरा आकडा निघाला,” ती म्हणाली. “उणे एक पॉइंट चार. उणे म्हणजे चांगला. तू जवळ असलीस की मी तेवढी जोरात पळते.”

आत्याचं हसू हळूहळू बसलं.

“म्हंजे मी आता औषध.”

“तसं नाही गं.”

“मग कसं?” आत्या उठली. “आधी पथ्य हुते, आता औषध झाले. प्रगती हाय. किती वाजता घ्यायची असते मला? जेवणाआधी का नंतर?”

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली की ती उलथनं आपटायची आणि तासाभरात विसरायची. पण आत्यानं फडताळातलं पाहुण्यांचं ताट काढलं. पाट मांडला. तांब्या-भांडं डाव्या हाताला ठेवलं. भाकरीवर तूप घातलं, पापड भाजला, आणि समोर बसून पंखा हलवत म्हणाली, “घ्या की अजून. लाजू नका.”

कल्याणी या घरात एकोणीस वर्षं उभ्यानं, डब्यातून, चुलीसमोर बसून जेवली होती. पाटावर ती पहिल्यांदा बसत होती.

निघताना आत्या दारापर्यंत आली, पाहुण्यांना सोडायला येतात तशी.

“चाचणी कवा हाय?”

“बारा तारखेला. सांगलीला.”

“येऊ काय?”

इथं ‘ये’ म्हटलं असतं तर आत्या आली असती, हे कल्याणीला पक्कं माहीत होतं. टेम्पोनं, एसटीनं, कशानंही आली असती आणि पहिल्या रांगेत बसली असती. पण ‘ये’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्या एका अक्षराच्या पाठीमागं तिला एक पूर्णांक चार बसलेला दिसला.

“नको,” ती म्हणाली. “ऊन असतं.”

“बरं.”

पुढच्या दिवसांत तिनं किती वेगवेगळ्या वाक्यांनी आत्याला बोलावून पाहिलं, मनातल्या मनात. ‘आत्या, तुझी आठवण येते, ये.’ खरं होतं. पण आठवण खरी असली तरी बारा तारखेचीच का यावी? ‘आत्या, मला भीती वाटते, ये.’ तेही खरं, आणि तेही पहिल्या मिनिटानंतरच्या दुसऱ्या फेरीसाठी उपयोगी. आकडा माहीत नसता तर यातलं कुठलंही वाक्य बोलता आलं असतं. आता प्रत्येक वाक्य धुतलं तरी त्याला औषधाचा वास येत होता. सर रोज विचारायचे, “बोलावलंस का?” ती रोज म्हणायची, “बोलावते.” सरांनी स्वतः जायचं काढलं तेव्हा तिनं सांगितलं की सर आत्याकडं गेले तर ती चाचणीला उतरणारच नाही. सर जीपकडं वळले. त्यांना ही कुठल्या आजाराची लक्षणं आहेत ते कळेना.

बारा तारखेला सांगलीच्या मैदानावर आठ मुली रेषेवर उभ्या राहिल्या. कल्याणी चांगली पळाली. पहिली फेरी नेमकी, सरांनी सांगितली होती तशी. तिसऱ्या दोनशे मीटरला दोघी पुढं गेल्या, त्यातली एक तिनं वळणावर गाठली. शेवटच्या सरळ पट्ट्यात पाय लाकडाचे झाले, सगळ्यांचेच होतात. त्या वेळी कानात काही ऐकू यावं, काहीतरी अगदी बिनकामाचं, असं तिला वाटलं. पलीकडच्या मुलीची आई किंचाळत होती. ते त्या मुलीसाठी होतं.

दुसरी आली. दोन मिनिटं सहा पूर्णांक तीन दशांश.

तीन दशांश. बोटं जुळवून चुटकी वाजवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

सर कुंपणापाशी आले. त्यांनी फडकी आणली नव्हती. “आत्या असती तर,” ते म्हणाले आणि थांबले.

“माहीत आहे, सर.”

“मग का गं बाळा?”

तिनं मानेमागची चकती सोलून काढली आणि सरांच्या हातावर ठेवली. सरांनी ती मेलेलं पाखरू धरावं तशी धरली आणि कंपनीला काय सांगायचं याचा विचार करत जीपकडं गेले.

मैदान रिकामं झालं. निवडल्या गेलेल्या मुलीचे लोक ढोल वाजवत गेले. कल्याणी शेवटच्या पायरीवर बसली. कानातलं यंत्र अजून चालू होतं.

“आपल्याजवळ आत्ता कोणीही नाही,” ते म्हणालं. “उत्तम.”

तिनं तेही काढलं.

मग बऱ्याच वेळानं तिला जाणवलं, की आता काहीच मिळवायचं उरलेलं नाही. पुढची चाचणी वर्षानं. सोबती परत जाणार. हॉस्टेलची एकटीची खोलीही जाणार. एक पूर्णांक चार सेकंदांचं आता कोणी काही करू शकत नव्हतं. तिनं फोन काढला. आत्याचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. आत्याचा फोन चार्जिंगला असणार आणि आत्या अंगणात असणार.

“कोन?”

“आत्या, मी.”

पलीकडं पापडांची थाळी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“हरले,” कल्याणी म्हणाली.

“कितीनं?”

“थोडक्यानं.”

“बरं.” आत्यानं कोणालातरी हाड्‌हाड्‌ केलं, बोकड पापडात शिरला असावा. “मग आता तिथं काय करतीस?”

“काही नाही. बसलीय.”

“जेवायला येतीस का?”

“येऊ?”

“ये की, त्यात इचारायचं काय?” आत्याचा आवाज एकदम चढला. “आन रिकामी येऊ नको. वाटंत उतर, गिरणीत दळण टाकलंय, त्यो डबा घेऊन ये. गिरणीवाला सात वाजता बंद करतो. मला तिथवर चालवत न्हाई, ठावं हाय न्हवं तुला?”

“आणते.”

“आन ऐक,” आत्या म्हणाली. “पळत येऊ नको. पीठ सांडतंय.”